गळ बोटात रुतला तर

पाऊसपाणी चांगले झाले की वाशीकडची हौशी मंडळी मांजरेच्या डोहांवर, तलावांवर गळ टाकून बसतात. गांडूळ लावताना, किंवा तडफडत्या मरळीच्या तोंडातून गळ सोडवताना तो बोटात शिरतो. शेजारचा गडी लगेच म्हणतो, "थांब, ओढतो!" त्याला ओढू देऊ नका. गळाच्या टोकाला मागे वळलेला दात असतो. सरळ ओढला की तो मांस फाडतो.

आधी तंगूस कापा. गळ हलणार नाही असा फडक्याने बांधून दवाखाना गाठावा, हेच उत्तम. पण दवाखाना फारच लांब, आणि एकेरी गळ बोटाच्या मांसल भागात असला, तर एक युक्ती आहे. गळाच्या वळणात मजबूत दोरा अडकवा. दांडी कातडीशी दाबून धरा. त्याने दात सुटा होतो. मग दोरा, गळ शिरला त्याच्या उलट दिशेला, एकाच झटक्यात ओढा. गळ उडतो बरे का, समोर कुणी नको!

सांध्यात किंवा मानेत शिरलेल्या गळावर हा प्रयोग नको. डोळ्यात असला तर स्पर्शही करू नका. वर वाटी उपडी ठेवून, डोळा न दाबता बांधा नि थेट मोठे इस्पितळ.

जखम साबणाने भरपूर धुवा. हळद-तंबाखू भरू नका. धनुर्वाताची लस टोचून पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा टोचून घ्या. ठणका वाढला, लाली पसरू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मधुमेही माणसाने तेवढीही वाट पाहू नये.