नोंदवहीतील शून्य आणि कार्यकर्त्याचे कर्तव्य

(कन्नड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



“आमच्या गावात तसे काही नाही” हे वाक्य मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्यात ऐकावयास मिळते. पोलीस ठाण्याची नोंदवही पुष्कळदा त्याला दुजोराही देते. जातीय अत्याचाराचे गुन्हे : शून्य. या शून्याचा अर्थ सलोखा असा लावायचा की दहशत असा, हा केवळ आकडेमोडीचा प्रश्न नव्हे. समाजवादी पक्षाने कोणाच्या बाजूला उभे राहायचे, याचा निर्णय त्यात दडलेला आहे.

कन्नड ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील शिरसगावी डिसेंबर 1963 मध्ये चार दलित स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली गेली. अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा 1955 चा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. परंतु त्याची नजर देऊळ, पाणवठा, दुकान, उपाहारगृह येथील मज्जावापुरती होती. जातीच्या बळावर केलेल्या हिंसेला त्यात स्वतंत्र नाव नव्हते. ते नाव मिळावयास 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यावा लागला. त्याचा अंमल 30 जानेवारी 1990 पासून सुरू झाला.

दरम्यान 1978 साल येऊन गेले होते. 27 जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितवस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामांतराची बाजू घेणाऱ्या एस. एम. जोशींसारख्या वयोवृद्ध नेत्यालाही अपमान सोसावा लागला. विद्यापीठाच्या कमानीवरील नावाचा आणि खेड्यातील झोपडीचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. संबंध होता. मिलिंद महाविद्यालयात शिकलेला मुलगा गावी परतून येसकरकी नाकारीत होता. रोजगार हमीच्या कामामुळे मजुराला मालकाच्या दाराखेरीज दुसरे दार उघडले होते. भूमिहीन माणूस गायरान कसू लागला होता. जाळपोळीचा रोख त्याच्या ताठ झालेल्या कण्यावर होता. विद्यापीठाचा नामविस्तार व्हावयास 14 जानेवारी 1994 उजाडले.

पुढील संशोधनाने या अनुभवास आधार दिला आहे. स्मृती शर्मा यांनी 2001 ते 2010 या काळातील जिल्हावार पोलीस आकडेवारी तपासली. जेथे दलित-आदिवासी आणि सवर्ण यांच्या राहणीमानातील अंतर कमी होते, तेथे अत्याचारांची नोंद वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे विकास झाला की जातद्वेष आपोआप विरघळेल, ही समजूत भाबडी आहे. घनश्याम शहा आणि सहकाऱ्यांनी 11 राज्यांतील 565 गावांची पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्या गावांत दलितांना पाणवठ्यावर मज्जाव होता. त्यांतील किती मज्जाव पोलिसांच्या दप्तरी पोचले असतील?

अमेरिकेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. वंशद्वेषी गुन्ह्यांची गणना करण्याचा कायदा तेथेही 1990 मध्येच झाला. वर्षाकाठी नोंद होते ती काही हजार घटनांची, आणि बहुसंख्य पोलीस खाती शून्य कळवितात. तेथील न्यायखात्याने घरोघर विचारणा केली तेव्हा 2004 ते 2015 या काळात वर्षाला सरासरी अडीच लाख घटनांचा अंदाज निघाला. भारतात 2022 मध्ये अनुसूचित जातींवरील 57,582 गुन्हे नोंदले गेले. येथे अशी घरोघर विचारणा सरकार करीत नाही. वाढलेला आकडा कधी वाढलेल्या जुलमाचा असतो, कधी वाढलेल्या धैर्याचा. दोहोंतील फरक ठाण्यात बसून कळत नाही. त्यासाठी वस्तीत जावे लागते.

कन्नड तालुक्यात ही वस्ती एकजिनसी नाही. शिवनाकाठची बागायत वेगळी, डोंगरपट्ट्यातील भिल्ल-ठाकरांचे पाडे आणि बंजारा तांडे वेगळे. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त-भटक्यांत मोडतात. अत्याचारविरोधी कायद्याचे छत्र त्यांच्यावर नाही. मुसलमान मजुरावरही नाही. तेव्हा केवळ कायद्याच्या रकान्यात बसणारी दुःखेच मोजून भागणार नाही.

मग मोजायचे काय? गायरान कसणाऱ्या किती कुटुंबांची नावे सातबाऱ्यावर आली? 14 एप्रिल 1990 पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. दलितवस्तीचे पाणी कोणाच्या विहिरीवर अवलंबून आहे? फिर्याद दिल्यावर कोणाचे काम बंद झाले, कोणाचा किराणा थांबला? किती फिर्यादी चावडीवर मिटविल्या गेल्या? 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने सामोपचारास बक्षीस लावले. त्या बक्षिसाच्या ओढीने दुर्बलाची तक्रार दाबली जाणार नाही, हे कोणी पाहिले?

1995 च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावयास हवी. तिचे इतिवृत्त मागण्यास आमदारकी लागत नाही.

शेवटी एक कटू गोष्ट. फिर्याद मिटविण्यासाठी मध्यस्थी करणारा प्रतिष्ठित गृहस्थ पुष्कळदा पक्षाचाच हितचिंतक असतो; निवडणुकीत त्याची जीप आणि त्याची मते उपयोगी पडतात. त्याला दुखवायचे की फिर्यादीला एकटे सोडायचे, अशी वेळ येते तेव्हा पक्षाची खरी परीक्षा होते. साक्षीदार फुटतात ते पैशापेक्षा एकटेपणाने. निकाल लागेपर्यंत प्रत्येक तारखेला फिर्यादीशेजारी कोर्टाच्या बाकावर बसणारा एक कार्यकर्ता तालुक्याने दिला, तर नोंदवहीतील शून्य कदाचित पुसले जाईल, आकडा वाढेल. त्या वाढीला भिण्याचे कारण नाही. पक्षाच्या कामाचे ते पहिले दृश्य फळ असेल.