मानव्यविद्या आणि आपले दैनंदिन जीवन

(गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. बँकेत लिपिक आहे. दिवसभर नोटा मोजणे आणि फॉर्म तपासणे हे माझे काम. मी कला शाखेचा पदवीधर म्हणून या विषयावर चार शब्द बोलावेत, असा कार्यकर्त्यांचा आग्रह पडला. तो मोडता आला नाही.

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत कसे बोलले जाते ते आठवा. सायन्सला प्रवेश 'मिळाला' असे आपण म्हणतो. आर्ट्‌सला मात्र मुलाला 'टाकतो'. नको असलेली वस्तू टाकावी तसा हा शब्द. दुसऱ्याचे कशाला, मीही तोच वापरला. माझ्या मुलीला यंदा चांगले गुण मिळाले आणि तिने इतिहास शिकायचा म्हटले. मी म्हणालो, "इतके गुण मिळवून आर्ट्‌सला कशाला टाकायचे?" तिने मला शांतपणे विचारले, "पप्पा, तुम्हाला बी.ए.चा काहीच उपयोग झाला नाही का?" मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षातील गोष्ट आहे. निराधार योजनेचे पैसे जमा व्हावेत म्हणून एक वयस्कर बाई खाते उघडायला आल्या. मी फॉर्म भरत होतो. "नवऱ्याचे नाव?" बाई गप्प. पुन्हा विचारले, त्या खाली पाहू लागल्या. मागे रांग होती. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. बाईंनी पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या. घरी आल्यावर मी ही तक्रार आईला सांगितली. आई म्हणाली, "अरे, ती बाई धन्याचं नाव कसं घेईल? मी तरी कधी तुझ्या बापाचं नाव घेतलं का?"

मी खजील झालो. बायका नवऱ्याचे नाव का घेत नाहीत, उखाण्यातूनच का घेतात, यावर मी समाजशास्त्राच्या पेपरात उत्तर लिहून गुण मिळवले होते! ते ज्ञान उत्तरपत्रिकेत राहिले, काउंटरपर्यंत आले नाही. शिधापत्रिका बाईंच्या पिशवीतच असणार. ती मागून नाव लिहिता आले असते. आठवड्याने त्या नातवाला घेऊन आल्या, खाते उघडले. पण एक म्हातारी बाई माझ्यामुळे हेलपाटा घालून गेली, हे मी विसरलो नाही. समोरचा माणूस गप्प का आहे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडू लागला. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान हे विषय माणसाला हा प्रश्न विचारायला शिकवतात. यांनाच मानव्यविद्या म्हणतात.

दुसरी गोष्ट अलीकडची. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका घाईघाईने मुदत ठेव मोडायला आले. यंत्रातला कोणताही बिघाड आवाजावरून ओळखणारा हा माणूस. हुशारीत काही कमी नाही. पण त्यांचे हात कापत होते. विचारपूस केली तेव्हा कळले की, पोलीस असल्याचे सांगून कुणीतरी त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवले होते. तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, पैसे भरा, असा दम दिला होता. मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि सांगितले, "काका, अशी अटक आपल्या कायद्यात नाही." संविधानाच्या कलम 22 प्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेता येतो आणि 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हे आपण नागरिकशास्त्रात वाचतो आणि 'ऑप्शनला' टाकतो. मग 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ठेव वाचली.

बंधू-भगिनींनो, केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. आज मोबाईलवर रोज नवा 'इतिहास' येऊन पडतो. तो कुणी लिहिला, केव्हा लिहिला, पुरावा काय, हे विचारणे म्हणजेच इतिहासाचा अभ्यास.

आणि बाबासाहेब? कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध त्यांनी 1916 साली मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला. मी रुपये मोजतो; बाबासाहेबांनी रुपयाचा प्रश्न सोडवायला घेतला तेव्हा 1923 च्या ग्रंथात आधी त्या रुपयाचा इतिहास तपासला. आपल्यावर लादलेले हीनत्व दैवी नसून माणसांनी घडवलेले आहे, हे त्यांनी याच विद्यांच्या बळावर सिद्ध केले. ज्या शाखेने आपल्याला आपली ओळख परत मिळवून दिली, तिच्यात आपण मुले 'टाकतो'!

मी विज्ञानाच्या विरोधात बोलत नाही. डॉक्टर, इंजिनिअर आपल्याला हवेतच. पोटापाण्याची चिंता खोटी नाही; बी.ए. होऊन मीही तीन वर्षे रिकामा होतो. म्हणून कला शाखा घेणाऱ्याने भाषा पक्की करावी, संगणक शिकावा, स्पर्धा परीक्षा द्याव्यात. पण 1946 साली मुंबईत सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालय हे कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे होते, हे ध्यानात ठेवा. बाबासाहेबांनी एक शाखा वरची आणि एक खालची, अशी उतरंड केली नाही. उतरंडीचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

शेवटी दोन विनंत्या. संस्थेच्या अभ्यासिकेत गाईडांची कपाटे भरली आहेत; एक कपाट इतिहास, साहित्य आणि धम्माच्या ग्रंथांना द्यावे. दुसरे, विद्यार्थ्यांनी दर रविवारी वस्तीतील एका वृद्धाजवळ बसावे आणि ते इथे कधी आले, कोणते काम केले, काय सोसले, हे लिहून घ्यावे. माझी आई गेली. तिला विचारायचे कितीतरी राहून गेले.

मुलीचा प्रवेश अर्ज अजून घरात पडून आहे. आज घरी गेल्यावर मी त्यावर सही करणार आहे, तिला हव्या त्या शाखेसाठी.



नमो बुद्धाय! जयभीम!