विटांचे जुन्नर

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणारा मनुष्य अर्ध्या वाटेवर हमखास थांबतो. दम लागला म्हणून थांबलो, असे तो कधी कबूल करीत नाही. देखावा पाहण्यासाठी थांबलो, असे सांगतो. मीही पुष्कळ वर्षे हेच सांगत आलो आहे. परंतु देखावा खरोखरीच थांबण्याजोगा आहे. पाठीशी लेण्यांचा कडा, पायथ्याशी गोळेगावची घरे, समोर कुकडीचे खोरे आणि पलीकडे शिवनेरी. खालच्या रस्त्याने एस.टी.ची तांबडी गाडी जाते ती आगपेटीएवढी दिसते.

गेल्या दिवाळीत माझा नातू ह्याच पायरीवर माझ्याशेजारी बसला होता. त्याचे वय दहा. तो पुण्यास राहतो. बराच वेळ खाली पाहून तो म्हणाला, "आजोबा, हे सगळं माझ्या शहरात बसेल का?"

श्रोतेहो, त्याचे हे शहर म्हणजे काय, ते प्रथम सांगितले पाहिजे. एकावर एक घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या रंगीत विटा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. डेन्मार्क देशातील बिलुंड ह्या गावी ओले कर्क ख्रिस्तियनसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने आपल्या कारखान्यास लेगो हे नाव दिले. प्लास्टिकच्या विटा त्याने १९४९ साली काढल्या. तशा विटा त्यापूर्वी इंग्लंडात निघाल्या होत्या व त्यांचाच कित्ता त्याने गिरविला होता. पण त्या विटा एकमेकींना नीट धरून राहत नसत. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसविण्याची युक्ती पुढे निघाली व तिच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. त्या साली निघालेली वीट आज निघालेल्या विटेवर बिनचूक बसते. विटेच्या माथ्यावर जे वाटोळे उंचवटे असतात त्यांना आमचा नातू 'टिकल्या' म्हणतो. मीही तोच शब्द वापरणार आहे. दोन टिकल्यांमधील अंतर ८ मिलिमीटर. आठ टिकल्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, तर त्या ९१,५१,०३,७६५ निरनिराळ्या रीतींनी जोडता येतात, असे गणित झालेले आहे.

इतक्या रीती हाताशी असता मुले काय करतात? पेटीबरोबर आलेल्या पुस्तकात दाखविले असेल तेवढेच बांधतात. आमच्या नातवाच्या शहरात अग्निशामक दलाचे ठाणे होते, पोलिसांची चौकी होती, पिझ्झ्याचे दुकान होते. सर्व सुबक, आणि सर्व परक्या मुलखातले. मला ह्या पेटीचा मनातून रागच होता. आमच्या अंगणात दिवाळीत चिखलाचा किल्ला होतो, त्यावर मोहरी पेरतात, बाजारातून आणलेले मातीचे मावळे उभे राहतात. ह्या पेटीने तो किल्ला आता बुडवला, अशी माझी समजूत होऊन बसली होती. म्हणून त्याने वरील प्रश्न विचारताच मी जरा खवचटपणेच म्हणालो, "बसेल की! पण तुझ्या पुस्तकात जुन्नर कुठे आहे?"

तो खवचटपणा मला पुढील आठ दिवस पुरला.

पहिली पाळी एस.टी.ची आली. आयुष्य मी चित्रकला शिकविण्यात घालविल्यामुळे प्रमाणाचा हिशेब माझ्याकडे आला. विटांच्या गावातील माणूस सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस साडेपाच फुटी धरला, तर एकास सुमारे बेचाळीस हे प्रमाण पडते. त्या मापाने अडीच मीटर रुंदीची एस.टी. आठ टिकल्या रुंद व्हावयास हवी आणि साडेदहा मीटर लांबीची गाडी बत्तीस टिकल्या लांब. आता आमच्याजवळचा सर्वांत मोठा पाट, ज्यावर गाव वसवावयाचे, तोच मुळी बत्तीस टिकल्यांचा! म्हणजे गाडी उभी केली की गाव संपले. मग नातवाने मला एक गोष्ट दाखविली, जी इतकी वर्षे चित्रे काढूनही माझ्या ध्यानी आली नसती. हा विटांचा माणूस उंचीच्या मानाने फार रुंद असतो. तो उंचीने एका प्रमाणात राहतो, रुंदीने दुसऱ्या. म्हणजे ह्या गावात खरे प्रमाण असे नाहीच. गाडीशेजारी माणूस उभा राहिला असता डोळ्यांस खुपू नये, इतकेच पाहावयाचे. आम्ही सहा टिकल्या रुंद व अठरा टिकल्या लांब गाडी ठरविली. आत आसने चारच मावली. पण कंडक्टरसाठी जागा राखून ठेवली, कारण कंडक्टरावाचून ती एस.टी. कसली?

पुस्तकातील बसचा सांगाडा घेऊन तो तांबड्या विटांनी मढवावा, असा त्याचा बेत होता. गाडी झाली, दिसावयासही झोकदार झाली. मी ती रस्त्याच्या डाव्या अंगास ठेवली आणि विचारले, "आता उतारू उतरव बरं." त्याने माणूस दारात उभा केला आणि थबकला. ती गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशाची; तिचे दार उजव्या बाजूस. आमचा उतारू थेट रस्त्याच्या मध्यात, समोरून येणाऱ्या ट्रकपुढे उतरत होता. सगळी गाडी उकलावी लागली. दार डावीकडे, चालक उजवीकडे, आणि त्याबरोबर आतील प्रत्येक आसनाची जागा बदलली. नुसता रंग बदलून परक्याची वस्तू आपली होत नाही, हे सांगण्यासाठी मी वर्गात किती खडू झिजविले असतील!

पार, मारुतीचे देऊळ, पाण्याची टाकी ही कामे भराभर उरकली. त्यांत सांगण्यासारखे काही नाही. मात्र कांद्याच्या चाळीने आमची परीक्षा पाहिली.

आमच्या भागात शेताच्या बांधावर कांद्याची चाळ असते, ती नातवाने शंभरदा पाहिली होती. त्याने चार भिंती घातल्या, उतरते छप्पर केले, पुढे दार ठेवले. शेजारचे शेतकरी गृहस्थ संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत. त्यांनी ती वस्तू हातात घेऊन सर्व बाजूंनी पाहिली व म्हणाले, "बाळ, झ्याक केलंस. पण ह्यात कांदा कोंडला. सडंल की!" मग त्यांनी त्याला शेतावर नेले. चाळीची जमीन भुईपासून दीड-दोन फूट उचललेली असते, ती का. तिला फटी असतात, त्या का. बाजूंस भिंती नसून पट्ट्या असतात, त्या का. छपराचे पाखे बाहेर का काढतात. वारा खालून शिरला पाहिजे, कांद्यांमधून वर गेला पाहिजे, आणि पाऊस मात्र आत येता कामा नये. आजपर्यंत त्याने चाळ पाहिली होती ती केवळ आकार म्हणून. आता त्याला तिच्यात वारा दिसू लागला.

परत येऊन त्याने भिंती मोडल्या. दीड विटेइतकी उंच जोती केली, वर पट्ट्या अंथरल्या, बाजूंस कुंपणाचे तुकडे उभे केले. कांदे म्हणून आजीने मूठभर अख्खे मसूर दिले. ते ओतताच निम्मे फटींतून खाली गळले. मी हसलो, पण शेजारी हसले नाहीत. "फट कांद्याहून बारीक पाहिजे," एवढेच ते गंभीरपणे म्हणाले, जणू काही माल त्यांचाच होता. तिसऱ्या खेपेस मसूर टिकले. नातवाने वाकून चाळीच्या एका बाजूने फुंकर घातली व दुसऱ्या बाजूस हात धरून ती लागते का ते पाहिले. लागली.

आता राहिली लेणी. हे काम सर्वांत अवघड, कारण लेणे बांधलेले नसतेच. इतर घरे वस्तू जोडून होतात. हे वस्तू काढून टाकून झालेले. गिरिजात्मजाचे देऊळ ज्या सातव्या लेण्यात आहे ते मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. सुमारे ५७ फूट लांब व ५१ फूट रुंद सभागृह, तीन बाजूंस मिळून वीस खोल्या, आणि एवढ्या छताखाली मध्ये एकही खांब नाही. आमच्या मापाने त्याला चार पाट लागले असते, आणि भोवती डोंगर रचावयास विटा आणाव्या तरी कोठून?

तेव्हा मी त्याला पुन्हा वर नेले, आणि ह्या खेपेस शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात उभे केले. ते कल्याणच्या सुलसदत्ताने दान दिल्याचा लेख तेथे आहे. त्याला म्हटले, छताकडे पाहा. कमानदार छताला ओळीने दगडी वासे कोरलेले आहेत. ते कशाचा भार घेतात? त्याने विचार केला व म्हणाला, "कशाचाच नाही. वर सगळा एकच दगड आहे." बरोबर. लाकडी घराला वासे लागत, म्हणून पाथरवटांनी दगडातही वासे कोरले. कार्ल्याच्या चैत्यात तर लाकडाच्या खऱ्याच कमानी बसविल्या, त्या अजून आहेत. अठराशे वर्षांहून अधिक काळ झाला. ज्या लाकडी इमारती पाहून ही नक्कल केली, त्यांतील एकही आज जुन्नरात उभी नाही. नक्कल राहिली आहे. नातू बराच वेळ मान वर करून उभा होता. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनीपण त्यांच्या गावातलंच केलं."

उत्तर त्याचे त्यानेच काढले. डोंगर विटांचा करावयाचाच नाही, चिखलाचा करावयाचा! अंगणात किल्ला होणारच होता. त्याने शिवनेरी एका बाजूस घातली, समोर लेण्याद्रीचा कडा घातला, आणि ओल्या चिखलात अंगठ्याने खोल्या कोरून काढल्या. पुढे खांबांची ओळ तेवढी विटांची करून चिखलात दाबून बसविली. मध्ये पाटांवर गाव, गावातून एस.टी., बांधावर कांद्याची चाळ. शिवनेरीवर महाराज व मावळे, आणि खाली तांबडी मोटार. ह्या कालविपर्यासाबद्दल कोणी तक्रार केली नाही. दिवाळीच्या किल्ल्याखाली मोटारी धावतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो.

एक चूक मात्र झाली, व ती माझी. खांब चिखल ओला असतानाच काढून घ्यावे, हे मला सुचले नाही. भाऊबीजेनंतर ते उपटले तेव्हा विटांच्या पोटातील नळ्यांत माती दगडासारखी बसली होती. दोन दिवस आम्ही आजा-नातू अंगणात पाण्याची बादली घेऊन जुन्या दातांच्या ब्रशाने विटा घाशीत होतो. काही विटा अजूनही एकमेकींवर नीट बसत नाहीत.

पुण्यास जाताना त्याने सारे गाव उकलून पेटीत भरले. मला वाईट वाटले. त्याला वाटले नाही. गेल्या आठवड्यात त्याचा दूरध्वनी आला. तिकडे तो पुन्हा जुन्नर बांधतो आहे, आठवणीने. गाडीचे दार त्याला पक्के ठाऊक होते. अडले होते चाळीपाशी. "आजोबा, चाळीची लांब बाजू वाऱ्याला आडवी ठेवायची की वाऱ्याच्या दिशेने?"

मी त्याला थांब म्हटले, पायांत चपला सरकविल्या, आणि शेजाऱ्यांकडे विचारावयास गेलो.