नवतप्यातला लॅपटॉप

लॅपटॉप जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. तिचा मोठा वाटा प्रोसेसरमध्ये तयार होतो. तिथून तांब्याची एक चपटी नळी ती पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेते. ही नळी आतून पोकळ असते. गरम टोकाला तिच्यातल्या थेंबभर द्रवाची वाफ होते, जाळीपाशी त्या वाफेचा पुन्हा द्रव होतो, आणि हे चक्र अखंड चालू राहते. पंखा खालून हवा ओढतो व जाळीतून बाहेर ढकलतो. मात्र हा पंखा हवा गार करत नाही, खोलीत असेल तीच हवा फिरवतो. विदर्भातल्या लॅपटॉपची खरी अडचण इथे आहे.

बहुतेक कंपन्या वापरासाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगतात. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरला तो ४७.९ अंशांवर गेला होता. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की टिनाच्या छपराखालची खोली दुपारी भट्टीसारखी होते. प्रोसेसरची वरची मर्यादा साधारण १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत त्याच्यात आणि हवेत ७५ अंशांचे अंतर राहते, ४५ अंशांच्या खोलीत फक्त ५५. उष्णता वाहते ती या अंतराच्या प्रमाणात. म्हणजे यंत्रात काहीही बिघाड नसताना त्याची उष्णता टाकण्याची क्षमता चौथाईहून अधिक घटते. अशा वेळी प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर लॅपटॉप बंद पडतो. दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या दिवसांत दाखल्यांसाठी रांगा लागतात, सेवा केंद्रावरचा लॅपटॉप सकाळपासून चालू असतो आणि दुपारी अर्ज भरता भरता तो रखडतो. पुष्कळदा दोष इंटरनेटला दिला जातो.

म्हणून पहिला उपाय खोलीचा. इथला उन्हाळा कोरडा असल्याने कूलर चांगला चालतो आणि खोली कित्येक अंशांनी उतरवतो. त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर नुसती दमट हवा कोंडते. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि खाऱ्या पाण्याचा पांढरा थर जाळीवर बसतो. बाजूला, कडक टेबलावर, मागची कड बोटभर उचलून ठेवलेला बरा. गादीवर किंवा उशीवर ठेवला की खालची हवेची वाट बंदच होते. तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणे तर घातकच. बाहेर काढताच आत दव धरते.

उन्हानंतरचा दुसरा शत्रू धूळ. धानाचा भुसा, कापसाचे तंतू, रस्त्याची माती, सगळे पंख्यातून आत जाते. पंखा आणि जाळी यांच्या मधोमध त्याचा नमद्यासारखा थर जमतो, जो बाहेरून दिसत नाही. पंखा जोरात घोंघावतो, पण बाहेर येणारा झोत मंद असतो, ही त्याची खूण. साफ करताना लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा आणि पंख्याची पाती धरून मगच हवा मारावी; मोकळा पंखा झोताने भन्नाट फिरला की बिघडू शकतो. काही वर्षे वापरलेल्या यंत्रात प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही, म्हणजे उष्णता नळीकडे नेणारा लेपही, वाळलेली असते. ती बदलण्याचे काम जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच द्यावे.

एक उपाय सेटिंगमध्येही आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. अर्ज भरणे, टंकलेखन, हिशेब यांत फरक क्वचितच जाणवतो, तापमान मात्र ठळकपणे उतरते. दुपारच्या कामासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

बॅटरीची गोष्ट अधिक गंभीर. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करू नये, आणि उन्हाळ्यात ती सतत १०० टक्के भरलेली ठेवली तर लवकर म्हातारी होते. ज्या लॅपटॉपमध्ये सोय आहे, तिथे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असे समजावे. तिला टोचू नये, दाबून बसवू नये. लॅपटॉप लगेच बंद करून दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्यावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावी.