उजवीकडची खुर्ची

वैमानिकाचं नवंकोरं लायसन्स खिशात घेऊन आलेल्या माझ्या मुलामुलींनो,

अध्यक्षीय भाषणात देशातल्या विमानवाहतुकीचा आढावा घ्यायची पद्धत आहे. आज मी तो घेणार नाही. सकाळपासून चहाच्या टेबलापाशी जेवढी मुलं मला भेटली, त्यांतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : ‘‘मॅडम, छोट्या कंपनीत एटीआरवर जागा मिळतेय. घेऊ, का एअरबससाठी थांबू?’’ माझा सगळा वेळ मी या प्रश्नाला देणार आहे. उत्तर आधीच सांगते : घ्या. पण कंपनी पारखून घ्या. ती कशी पारखायची, त्याबद्दल बोलते.

तुमच्यापैकी कुणी गोंदियाजवळच्या बिरसीला शिकलं, कुणी बारामतीला, कुणी शिरपूरला, कुणी परदेशात तास पुरे करून आलं. पेपर, क्लास वन मेडिकल, रेडिओचा आरटीआर परवाना आणि २०० तासांचं उड्डाण. त्यासाठी घरच्यांनी अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त रक्कम उभी केली. कुठे घर गहाण पडलं, कुठे शेताचा तुकडा गेला. मुलाखतीच्या टेबलाच्या या बाजूला बसून मी हे वर्षानुवर्षं ऐकलं आहे. त्यामुळे लायसन्स हाती आल्यावर मिळेल ती पहिली खुर्ची धरावी असं वाटतं, हे मला समजतं.

पण २०० तास म्हणजे किती, हे एका अपघाताच्या आधाराने सांगते. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचं डॅश-८ विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. को-पायलट २४ वर्षांची होती. तिचा बेस न्यूअर्कला आणि घर देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलजवळ. बेसच्या गावी खोली घेण्यासारखा पगार नव्हता. आदली रात्रभर विमानं बदलत ती कामावर पोचली होती, अंगात सर्दी होती. विमान स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल संपण्याकडे, जात असताना कॅप्टनने कंट्रोल नेमका उलट्या दिशेने ओढला. त्यानंतर अमेरिकेने कायदा बदलला आणि २०१३ पासून प्रवासी विमानात को-पायलट व्हायलासुद्धा साधारणपणे १५०० तास लागू लागले. तिथली मुलं हे तास फ्लाइंग स्कूलमध्ये दुसऱ्यांना शिकवत गोळा करतात.

आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे २०० तासांचं लायसन्स आणि त्या विमानाचं टाइप रेटिंग झालं, की तुम्ही थेट सत्तर प्रवाशांच्या विमानात उजवीकडे, को-पायलटच्या खुर्चीत बसता. हे चांगलं की वाईट, हा वाद इथे नको. पण याचा अर्थ असा, की उरलेले तेराशे तास तुम्हाला तुमची पहिली कंपनी शिकवणार आहे. म्हणून तिच्याकडे पगार देणारं ऑफिस म्हणून बघण्याआधी शाळा म्हणून बघा.

आता एटीआर. ‘पंखेवालं विमान’ म्हणून नाक मुरडणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. एटीआर ७२ ला ऑटोथ्रॉटल नाही. वेग तुमच्या हातात, म्हणजे शब्दशः हातात. दिवसाला चार-चार, कधी सहा सेक्टर. म्हणजे तेवढी टेक-ऑफ, तेवढी लँडिंग. लांब पल्ल्याच्या जेटवर महिन्याला जेवढी लँडिंग वाट्याला येतात, तेवढी इथे काही दिवसांत होतात. विमान पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे जुलैतले ढग वरून ओलांडता येत नाहीत. त्यांच्यामधून वाट काढायला शिकावं लागतं. त्यात छोटे विमानतळ, जवळचे डोंगर, अनेक ठिकाणी उतरताना वाट दाखवणाऱ्या आयएलएसचा आधार नाही. दोन पावसाळे असे काढलेल्या मुलांचं हवामानाचं वाचन मला नेहमी वेगळं दिसलं आहे. पुढे एअरबसवर जाताना नवं टाइप रेटिंग करावं लागेल हे खरं, पण हे शिक्षण वाया जात नाही.

शिवाय आता छोट्या कंपन्यांची विमानं आपल्या दारात आली आहेत. मार्च २०२४ मध्ये गोव्यातल्या मोपाहून फ्लाय ९१ सुरू झाली. तिची एटीआर जळगावला, सिंधुदुर्गला उतरतात. कोल्हापूर आणि नांदेडला स्टार एअरची एम्ब्रेअर जेट येतात. घराजवळ बेस मिळणं ही साधी गोष्ट नाही. बफेलोची ती मुलगी आठवा. आपल्याकडे सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्याचा नियम आला, पण ते ४८ तास तुम्ही रेल्वेत आणि स्टँडबाय तिकिटाच्या रांगेत घालवणार असाल, तर शरीराला त्याचा काय उपयोग? बेस कोलकाता किंवा गुवाहाटी मिळाला, तर तिथे बिऱ्हाड करा. मुंबई-पुण्याहून ये-जा करू नका.

पैशाबद्दल स्पष्ट बोलते. छोट्या शहरांना जोडणाऱ्या सरकारच्या ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्ली मार्गावर उडालं. या योजनेत कंपनीला तोट्याची भरपाई साधारण तीन वर्षं मिळते. म्हणून मुलाखतीला जाण्याआधी त्या कंपनीचे किती मार्ग या भरपाईवर उभे आहेत आणि मुदत कधी संपते, ते बघा. विमानं किती आणि त्यांतली उडती किती, हेही बघा. मोठं नाव म्हणजे खात्री, असंही समजू नका. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. माझ्या पहिल्या कंपनीत (तिचं नाव घेत नाही) तीन महिने पगार झाला नव्हता. वडिलांना खोटं सांगून मी मैत्रिणीकडून भाड्याचे पैसे घेतले होते. उडताना ती काळजी डोक्यात असते, आणि ती असायला नको.

कंपनी जो बाँड लिहून घेईल त्याचा प्रत्येक शब्द वाचा, घरात कुणी वकील असेल तर त्याला दाखवा. राजीनाम्याची मुदत २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष आहे, हे लक्षात ठेवून सही करा. आणि ‘पैसे भरा, जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

लाइन ट्रेनिंग संपून मला दोन महिने झाले होते. पावसात दाबोळीला उतरत होतो. आम्ही उंच होतो आणि वेग जास्त होता. मला ते दिसत होतं, पण शेजारी पंधरा हजार तासांचे कॅप्टन होते आणि माझे तास जेमतेम साडेतीनशे. मी गप्प बसले. त्यांनी स्वतःच गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर घेतलं, आणि दुसऱ्या फेरीत उतरलो. इंजिनं बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘तुला दिसलं होतं ना?’’ मी हो म्हटलं. ‘‘मग मी चुकत असताना तू कुणाची वाट बघत होतीस?’’ आवाज अजिबात चढला नव्हता. पुढचा आठवडाभर ते मुद्दाम माझ्याबरोबर उडाले आणि प्रत्येक अ‍ॅप्रोचला माझ्याकडून मोठ्याने आकडे वदवून घेतले. महिन्याभराने मी पहिल्यांदा ‘गो-अराउंड’ म्हटलं, तेव्हा शब्द पुरा होण्याआधी त्यांनी पॉवर दिली होती. का म्हटलंस, हे त्यांनी खाली उतरल्यावर, चहा घेताना विचारलं.

२२ मे २०१० ला मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून विमान दरीत गेलं आणि १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं, की को-पायलटने तीन वेळा गो-अराउंड म्हटलं होतं. तो गप्प बसला नव्हता. म्हणजे नुसतं बोलणं पुरेसं नाही, ते ऐकलं जाणारी कंपनीही हवी.

गो-अराउंड केलं म्हणून शिक्षा होणार नाही, हे कागदावर सगळ्याच कंपन्या लिहितात. ते खरं आहे का, हे मुलाखत घेणाऱ्याला विचारून कळणार नाही. आज मागच्या दोन रांगांत वेगवेगळ्या बेसवरचे बारा-तेरा को-पायलट बसले आहेत. कुणाला एक वर्ष झालंय, कुणाला तीन. जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठा. पगार किती, हे त्यांना विचारालच. पण त्याआधी, शेवटचं गो-अराउंड केलंत त्या दिवशी कॅप्टन काय म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला का, हे विचारा. उत्तर देण्याआधी जो इकडेतिकडे बघेल, त्याच्या कंपनीचं नाव वहीत लिहून ठेवा.