थोरल्यानं थांबावं, धाकट्यानं बोलावं



‘रेंज फुल्ल आहे, तरी आवाज तुटतोय’ ही तक्रार मी रोज ऐकतो. रेंज म्हणजे लहरींचा जोर. पण नुसत्या जोरावर भागत नाही. हवी ती लहर गोंगाटातून वेगळी ओळखू यावी लागते. वरातीत बँड वाजत असताना शेजारच्याचं बोलणं कळत नाही, तसंच हे.

मोबाइलच्या जाळ्यात उंच मनोऱ्यावरचा मोठा सेल साधारण ४० वॅट शक्तीनं लहरी सोडतो. स्टेशन, बाजारपेठ अशा गर्दीत तो एकटा पुरत नाही, म्हणून खांबावर किंवा भिंतीवर एखाद्या वॅटचा छोटा सेल बसवतात. स्पेक्ट्रम मोजका आणि महाग, त्यामुळे दोघांना बरेचदा एकच फ्रिक्वेन्सी वापरावी लागते. फोन साहजिकच जोरदार सेल निवडतो. मनोऱ्यावर झुंबड आणि छोटा सेल मात्र रिकामा! काही फोन मुद्दाम छोट्याकडे वळवावेत, तर मनोऱ्याच्या आवाजात त्याचं बोलणं बुडून जातं.

मग छोट्याची शक्ती वाढवायची का? मला विचाराल तर नाही. एकानं आवाज चढवला की शेजाऱ्याच्या ग्राहकांना त्रास, मग शेजारीही आवाज चढवणार.

थ्रीजीपीपी या मानकं ठरवणाऱ्या संघटनेनं २०११ साली चौथ्या पिढीसाठी वेगळा तोडगा पक्का केला. तिथं वेळेचे एकेक मिलिसेकंदाचे तुकडे असतात. त्यातल्या काही तुकड्यांत मोठा सेल आवश्यक खुणा तेवढ्या पाठवतो, एरवी गप्प राहतो. त्या शांततेत छोटा सेल आपल्या कडेच्या ग्राहकांशी बोलून घेतो. कोणते तुकडे मोकळे, हे दोघं आधी एकमेकांना कळवतात. अर्थात, दोघांची घड्याळं तंतोतंत जुळलेली हवीत.

याची किंमतही आहे. ४० पैकी १० तुकडे सोडले, तर मनोऱ्याचा पाव वेळ गेला. त्या बदल्यात बरेच ग्राहक छोट्याकडे गेले, तरच उरलेल्यांना जास्त वाटा मिळतो. छोटा सेल गर्दी नसलेल्या जागी बसवला, तर ते मौन फुकटच जायचं.

म्हणून ‘आणखी टॉवर उभारा’ एवढीच मागणी मला अपुरी वाटते. उभारलेले सेल एकमेकांना बोलू देतात का, हेही विचारायला हवं.