खडीसाठी जमीन देण्यापूर्वी



आपल्या पालघर जिल्ह्यात आज दगडखडीला मोठी मागणी आहे. मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, अहमदाबादकडे जाणारी वेगवान रेल्वे, 2024 साली पायाभरणी झालेले वाढवण बंदर, ही सारी कामे खडीवाचून उभी राहावयाची नाहीत. आपल्या शाळेची इमारत आणि आपला गावरस्ताही त्याच दगडाचा. तेव्हा खाण म्हटली की ती वाईटच, असे सांगायला मी आलेलो नाही. पण एखादी जमीन खाणीसाठी मागितली गेली, तर तिची पारख कशी करावी, एवढे आज पाहू.

समजा, शिरगावातल्या एका खातेदाराकडे चार एकर जमिनीसाठी विचारणा झाली. येणारा माणूस बहुधा काय म्हणतो? "अहो, हे तर वरकस. इथं पिकतं काय? पैसे घ्या नि मोकळे व्हा." ऐकायला हे बरे वाटते. पण उत्तर देण्यापूर्वी शेतात जावे, आणि बरोबर कुदळ न्यावी.

चार-पाच ठिकाणी खड्डे घ्यावेत. गेल्या शतकाच्याही आधी, 1835 च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमिनीची प्रतवारी सुरू केली, तीही अशीच खणून. माती पावणेदोन हात खोल लागली तर ती वरच्या प्रतीची. मग चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष पाहून आणे कमी करावयाचे. आजही ही रीत उपयोगी आहे. वीतभर मातीखाली मुरूम आणि लगेच काळा फत्तर लागला, तर ती जमीन भाताची नव्हे, हे खरे. हात-दीड हात माती निघाली, मूठ आवळल्यावर तिचा गोळा झाला, तर कागदावर काहीही लिहिलेले असो, ती जमीन जिवंत आहे. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात हो! ती उचलून नेली, तर तुमच्या नातवाच्या नातवालाही परत मिळायची नाही.

आता वरकस म्हणजे निरुपयोगी, हे तरी खरे का? गवत तिथलेच. भाताच्या रोपासाठी राब करायचा, तर पालापाचोळा आणि कवळ तिथूनच येतो. आणि पावसाळ्यात शंभर इंचांच्या आसपास पडणारे पाणी याच उंचवट्याच्या भेगांतून झिरपून खालच्या विहिरींना मिळते. म्हणजे वरचे चार एकर एकट्याचे दिसले, तरी खालची दहा शेते त्यांच्यावर अवलंबून असू शकतात.

शिरगाव समुद्रकाठचे गाव. किनाऱ्यावर तो जुना किल्ला उभा आहे. 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. इथे पाण्याचा प्रश्न देशावरच्यासारखा नाही. समुद्राकाठी जमिनीखाली खारे पाणी असते, आणि पावसाचे गोडे पाणी हलके म्हणून त्यावर तरंगते. हॉलंड आणि जर्मनीतील अभियंत्यांनी सव्वाशे वर्षांमागे याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असतो. याचा अर्थ असा, की वरची पातळी एक फूट उतरली तर खारे पाणी चाळीस फूट वर सरकू शकते. वाळूत हा नियम ठळक दिसतो. खडकात भेगा जशा असतील तसा कमीजास्त होतो. खाण खोल नेली आणि तिच्यात जमलेले पाणी पंपाने उपसत राहिले, तर आसपासच्या वाड्यांच्या विहिरी मचूळ होण्याचा धोका आहे. आणि एकदा खार आत शिरला की तो काढायला फार वर्षे लागतात.

म्हणून मुख्य प्रश्न हा: खाणीचा तळ विहिरीतल्या पाण्याच्या वर राहणार की खाली जाणार? दोरीला गाठी मारून आसपासच्या विहिरी वैशाखात एकदा आणि दसऱ्याला एकदा मोजाव्यात. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन क्षार तपासून घ्यावेत. खाण सुरू झाल्यावर मोजून उपयोग नाही. आधीचा आकडा हाती नसेल, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

आता थोडे गणित. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य घालावे. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. सरळ कडा धरून वीस फूट खणले, तर 8,71,200 घनफूट, म्हणजेच 8,712 ब्रास. चार एकरांचे झाले 34,848 ब्रास. एका गाडीत तीन ब्रास धरले, तर 11,616 खेपा. वर्षात तीनशे दिवस काम चालले, तर रोज सुमारे 39 भरलेल्या गाड्या, आणि तितक्याच रिकाम्या परत. फोडलेला दगड जागा अधिक व्यापतो, म्हणून खेपा वाढतीलच. ही वाहतूक कोणत्या रस्त्याने जाणार? शाळा कुठे आहे? आंब्याच्या मोहोरावर धूळ बसली, तर नुकसान कोण भरून देणार? सुरुंगाने विहिरीचे बांधकाम तडकले तर?

शेवटी कागद. सातबारा काढून बघा. पीक नोंदले नसेल, तर कसलेली जमीनही पडीक दिसते. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतः नोंद करता येते. ती चुकवू नका. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे बिनपरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्याने द्यायची, तरी कलम 36-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, तर 1996 च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. आणि पाच हेक्टरांहून लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार खटल्यात सांगितले आहे.

हे सगळे पाहून जमीन खरोखरच उघडा खडक ठरली, घरे आणि विहिरी दूर असल्या, तळ पाण्याच्या वर राहणार असला, तर द्यायला हरकत नाही. मात्र वरची माती बाजूला राखून ठेवणे, खड्डा उतरता करून झाडे लावणे आणि कुंपण घालणे, या अटी करारात लिहून घ्या. तोंडी शब्द पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

आणि माती हात-दीड हात निघाली, तर? तर पैसे कितीही असोत, घरातल्या बायकांना विचारा. उन्हाळ्यात पाणी कुठून आणावे लागेल, हे त्यांना आधी कळते. निर्णय त्यांच्यासमोर घ्या.